सेवा बंद, डबा चालू

मागच्या डिसेंबरात मामू इंग्लंडहून आले तेव्हा त्यांच्या बॅगेत नेहमीची चॉकलेटं, बामच्या बाटल्या आणि एका शालीत गुंडाळलेला काळा डबा होता. समोर एक स्पीकर, छोटा रंगीत पडदा, एक मोठं गोल बटण, दोन्ही बाजूंना तीन-तीन छोटी बटणं. दिसायला रेडिओ, पण एरियल कुठंच नाही. तिकडं नातवानं त्यांना सांगितलं होतं, "नाना, कंपनीनं याची सर्व्हिस बंद केलीय. आता हा नुसता डबा आहे." मामूंनी त्याला उत्तर दिलं, "डबा तर डबा. गावी तांदूळ भरायला होईल."

तांदूळ भरायला आणलेला नव्हता हे आम्हाला ठाऊक होतं. या डब्यातून मामूंच्या इंग्लंडातल्या स्वयंपाकघरात पंधरा वर्षं नानीचा आवाज येत होता.

ती हकीकत नंतर सांगतो. आधी डब्याचा इतिहास, कारण तो वाचकांना ठाऊक असण्याची शक्यता कमी आहे. आपल्याकडं ही वस्तू फारशी आलीच नाही. तिचं नाव स्क्वीझबॉक्स रेडिओ. तिच्या पोटात गाणी नसतात. ती वाय-फायवरून घरातल्या कॉम्प्युटरवरची किंवा इंटरनेटवरची गाणी मागवते आणि वाजवते. आज मोबाइलमुळं यात कुणाला नवल वाटणार नाही, पण या घराण्यातला पहिला डबा निघाला तेव्हा साल होतं २००१. त्याच वर्षी ऑक्टोबरात अ‍ॅपलचा आयपॉड आला. आयपॉडनं गाणी खिशात नेली. या डब्यानं ती कॉम्प्युटरच्या खोलीतून दिवाणखान्यात आणली.

कॅलिफोर्नियात शॉन अ‍ॅडम्स नावाच्या तरुणानं स्लिम डिव्हायसेस ही छोटी कंपनी काढली होती. तिच्या पहिल्या यंत्राचं नाव स्लिमपीथ्री. त्यात हार्ड डिस्क नव्हती, वाय-फायही नव्हतं. नेटवर्कची वायर लावायची, स्टिरिओला जोडायचं आणि रिमोटनं गाणं निवडायचं. पुढं हिरवट निळ्या अक्षरांचा दोन ओळींचा डिस्प्ले.

या यंत्रातली खरी गंमत त्याच्या 'स्लिम' असण्यात होती. अक्कल सगळी कॉम्प्युटरवर बसवलेल्या सर्व्हर प्रोग्रॅमकडं होती. रिमोटचं कोणतं बटण दाबलं गेलं एवढं यंत्र सर्व्हरला कळवी. पडद्यावर कोणती अक्षरं दाखवायची हे सर्व्हर ठरवी. मेन्यूसुद्धा यंत्रात नव्हता, तो पलीकडून येई. त्यामुळं सर्व्हर प्रोग्रॅम सुधारला की जुनं यंत्रही आपोआप नवं काही शिकल्यासारखं वागे.

आणि हा सर्व्हर प्रोग्रॅम कंपनीनं पहिल्यापासून जनरल पब्लिक लायसन्सखाली खुला ठेवला. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, बदललेला पुढं वाटावा; अट एकच, पुढच्यालाही तीच मोकळीक द्यायची. पर्ल भाषेत लिहिलेला हा प्रोग्रॅम विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडं चाले. यात कंपनीचा मोठा त्याग वगैरे होता असं मी म्हणणार नाही. हातावर मोजण्याएवढे लोक होते, प्रोग्रॅमर परवडत नव्हते, बाहेरचे हौशी फुकट मदत करायला तयार होते. नफा डब्यावर होता, प्रोग्रॅमवर नव्हता. व्यवहाराचा हिशेब होता. पण त्या हिशेबातून एक गोष्ट घडली, जिची किंमत तेवीस वर्षांनी कळली.

२००३ मध्ये वाय-फाय असलेला स्क्वीझबॉक्स आला. २००५ मध्ये त्याची सुधारलेली रूपं आली, जी फ्लॅक फाइल थेट वाजवू लागली. फ्लॅक म्हणजे आवाजाचा कण न गमावता फाइल लहान करणारी पद्धत. त्याच सुमारास कंपनीनं इंटरनेटवर आपली स्वतःची सेवा सुरू केली. हेतू साधा होता. घरचा कॉम्प्युटर बंद असतानाही लोकांना इंटरनेट रेडिओ ऐकता यावा. नाव स्क्वीझनेटवर्क, पुढं ते मायस्क्वीझबॉक्स झालं. घरचा सर्व्हर आणि कंपनीचा सर्व्हर, असे दोन दरवाजे आता डब्याला मिळाले. दुसरा दरवाजा सोयीचा होता. काही बसवायला नको, सांभाळायला नको. सोय असते तिकडं माणसं वळतात. पुष्कळ घरांत पहिला दरवाजा कधी उघडलाच गेला नाही.

२००६ च्या ऑक्टोबरात माउस आणि कीबोर्डसाठी प्रसिद्ध असलेल्या लॉजिटेकनं सुमारे दोन कोटी डॉलरला स्लिम डिव्हायसेस विकत घेतली. पुढची चार वर्षं भरभराटीची. २००८ मध्ये ड्युएट आणि बूम, २००९ मध्ये मामूंचा हा रेडिओ, २०१० मध्ये टच. सर्व्हर प्रोग्रॅमची नावं मात्र सारखी बदलत राहिली. स्लिमसर्व्हरचं स्क्वीझसेंटर झालं, मग स्क्वीझबॉक्स सर्व्हर, मग लॉजिटेक मीडिया सर्व्हर. आमच्याकडच्या रस्त्यांना एवढी नावं बदलून मिळालेली नाहीत.

२०१२ मध्ये लॉजिटेकनं हे घराणं बंद केलं. तोपर्यंत लोकांच्या हातात फोन आले होते, गाणी विकत घ्यायची सवय मोडत चालली होती. पण याच वर्षाच्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर विक्रीला आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. हौशी लोकांनी तो जोडला. स्क्वीझलाइट नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला गेला. तो कोणत्याही कॉम्प्युटरला स्क्वीझबॉक्स असल्याचं सोंग घ्यायला लावतो. सर्व्हर त्याला खराच डबा समजतो. पुढं पायकोअरप्लेअर आलं, ज्यात एका मेमरी कार्डावर सर्व्हर आणि प्लेअर दोन्ही मावतात. म्हणजे दुकानात डबे मिळेनासे झाले आणि नेमक्या त्याच काळात घरी डबा बनवणं सोपं झालं. त्यामुळं सर्व्हर वापरणारे टिकले, आणि ते टिकले म्हणून सर्व्हर टिकला.

२०२४ च्या सुरुवातीला लॉजिटेकनं मायस्क्वीझबॉक्स बंद करत असल्याचं कळवलं आणि काही आठवड्यांतच ती सेवा थांबली. विक्री बंद झाल्यावर बारा वर्षं ही सेवा चालली होती, हे न्यायानं सांगितलं पाहिजे. इतकी वर्षं जुन्या गिऱ्हाइकांचं बिल भरणाऱ्या कंपन्या थोड्या. पण ज्यांचा डबा फक्त दुसऱ्या दरवाजानं चालत होता त्यांच्या पडद्यावर त्या दिवसानंतर काही येईना. स्टेशनांची यादी त्या सेवेकडून यायची, गाण्यांच्या सशुल्क सेवांचं लॉगिन तिच्यातून व्हायचं. मामूंच्या नातवानं हेच कुठंतरी वाचलं होतं.

ज्यांनी पहिला दरवाजा उघडा ठेवला होता, त्यांचं काय झालं? फार काही झालं नाही. घरच्या फाइली तशाच वाजत राहिल्या. तुटल्या त्या कंपनीच्या सेवेतून जाणाऱ्या वाटा. रेडिओ स्टेशनांच्या आणि सशुल्क सेवांच्या त्या वाटांसाठी स्वयंसेवकांनी घरच्या सर्व्हरमध्येच बसणारे नवे प्लग-इन लिहिले. पूर्वी लॉजिटेकच्या टीममध्ये हाच सर्व्हर सांभाळणारा प्रोग्रॅमर या कामात पुढं होता. कंपनीचं नाव आता लावायचं नव्हतं, म्हणून प्रोग्रॅमचं पुन्हा बारसं झालं: लिरियन म्युझिक सर्व्हर. 'एलएमएस' ही आद्याक्षरं तशीच राहिली, म्हणजे जुन्या लोकांची जीभ अडायला नको.

इथं एक तांत्रिक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण जुनी यंत्रं मरतात ती बहुधा याच जागी. डबा घडला तेव्हा इंटरनेटवरची बहुतेक स्टेशनं साध्या, कुलूप नसलेल्या जोडणीनं ऐकू येत. पुढं जगभरच्या वेबसाइटी एचटीटीपीएस या कुलूपबंद जोडणीवर गेल्या. जुन्या डब्याकडं त्या कुलपाची किल्ली नाही. आवाजाच्या फाइलींचंही तेच. नवे प्रकार आले, डब्याला जुनेच वाचता येतात. घरचा सर्व्हर इथं दुभाष्याचं काम करतो. कुलूपबंद जोडणी तो स्वतः उघडतो, आवाज आत घेतो, डब्याला समजेल अशा रूपात बदलतो आणि घरातल्या घरात साध्या जोडणीनं पुढं देतो. डब्याला वाटतं, अजून २००९ च चालू आहे. हा दुभाष्या घरात असेल, त्याचा कोड उघडा असेल, तर जग बदललं तरी त्याला नवी भाषा शिकवता येते. तो कंपनीच्या इमारतीत असेल, तर कंपनी दिवा घालवील त्या दिवशी तो मुका होतो.

इतरांच्या गोष्टी याच्याशेजारी ठेवून पाहाव्यात. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'प्लेज फॉर शुअर' असा शिक्का काढला होता, अर्थ सरळ: 'नक्की वाजेल'. तिच्या एमएसएन म्युझिकवर पैसे देऊन घेतलेल्या गाण्यांना डिजिटल कुलूप असे, आणि नव्या कॉम्प्युटरवर ती वाजवायला कंपनीकडून परवानगी मागवावी लागे. एप्रिल २००८ मध्ये कंपनीनं कळवलं की ऑगस्टअखेरीनंतर ही परवानगी मिळणार नाही. गिऱ्हाईक भडकलं, तेव्हा मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढली. गाणं विकत घेतलं होतं की गाणं ऐकण्याची कुणाची तरी मर्जी विकत घेतली होती, हा प्रश्न तेव्हा प्रथम मोठ्यानं विचारला गेला.

सोनॉसचा किस्सा जास्त कडू. जुना स्पीकर बदलून नवा घेणाऱ्याला तीस टक्के सूट होती, पण त्यासाठी जुना स्पीकर 'रिसायकल मोड'मध्ये टाकायचा. मग एकवीस दिवसांनी तो कायमचा निकामी होई. चांगला वाजणारा स्पीकर मालकाच्याच हातानं मारायचा! २०२० च्या जानेवारीत कंपनीनं आणखी जाहीर केलं की मे महिन्यापासून काही जुन्या यंत्रांना सुधारणा मिळणार नाहीत. एवढा गहजब झाला की मुख्याधिकाऱ्यांनी माफी मागितली, जुन्या यंत्रांसाठी वेगळं अ‍ॅप ठेवलं, तो रिसायकल मोडही गेला. लोकांचा आवाज ऐकला गेला हे खरं. पण निर्णय शेवटपर्यंत कंपनीच्याच हातात होता.

तिसरी गोष्ट इंटरनेट रेडिओंची. अनेक वेगवेगळ्या नावांचे रेडिओ आतून रेसिवा नावाच्या एकाच यादीवर चालत. ती २०२१ मध्ये बंद झाली आणि निरनिराळ्या दुकानांतून घेतलेले निरनिराळे रेडिओ एकदमच स्टेशनं शोधत बसले. व्हीट्यूनर ही अशीच दुसरी यादी, ती जपानी अँप्लिफायरांत असे. तिच्यासाठी हौशी लोकांनी केलेली युक्ती मला फार आवडते. त्यांच्याकडं मूळ सर्व्हर नव्हता, तो कधी खुला झालाच नव्हता. मग यंत्र यादी मागताना नेमकं काय विचारतं हे त्यांनी नेटवर्कवर कान लावून टिपलं आणि तसंच उत्तर देणारा वायकास्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. घरातल्या नेटवर्कला सांगून ठेवायचं की कंपनीच्या पत्त्यावर जाणारं पत्र आपल्याच घरी आणून टाक. यंत्र बिचारं कंपनीला पत्र धाडतं, उत्तर शेजारच्या खोलीतून येतं, त्याला काही कळत नाही. युक्ती चालते, पण ती उलट्या बाजूनं भिंत फोडण्यासारखी आहे. स्क्वीझबॉक्सवाल्यांना भिंत फोडावी लागली नाही. किल्ली त्यांच्या खिशात २००१ पासून होती.

कंपन्या यातून थोडं शिकल्या असाव्यात. बोसनं २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या साउंडटच स्पीकरांची ऑनलाइन सेवा थांबवणार असल्याचं सांगितलं. ओरड झाल्यावर मुदत वाढवली आणि यंत्राशी बोलण्याच्या पद्धतीची कागदपत्रं सर्वांसाठी खुली केली. आमच्या घरात माळ्यावर नानांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, त्याच्याबरोबर पोस्टात दरवर्षी फी भरल्याच्या शिक्क्यांचं लायसन्सबुकही. सरकार फी घेई, पण फी चुकली म्हणून रेडिओ आपोआप गप्प होत नसे. विकणाऱ्यानं विकला की विषय संपला. ते सुख गेलं. निदान कागद तरी द्या, एवढंच मागायची वेळ आली आहे.

आता नानी.

आमची बोली कोकणी मुसलमानांची. लग्नात हळदीच्या आणि मेंदीच्या रात्री बायका तिच्यात गाणी म्हणत. नवऱ्याच्या आईला टोमणे, बोटीवर गेलेल्या भावाची आठवण, पैगंबरांच्या नावानं सुरुवात आणि मग हसून हसून पुरेवाट. नानी त्यात पुढं असे. १९८० च्या दशकात एका लग्नात मामूंच्या चुलतभावानं कुवेतहून आणलेला टू-इन-वन बायकांच्या मध्ये नेऊन ठेवला आणि नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घेतली. पुरुषांना तिथं मज्जाव होता, म्हणून बटण दाबून तो पळाला, असं अम्मी सांगते. कॅसेटच्या सुरुवातीला त्याचं पळणं ऐकू येतं. नानी गेल्यावर ती कॅसेट मामू इंग्लंडला घेऊन गेले, आणि फीत चिकटायला लागल्यावर तिच्या दोन फाइली करून घेतल्या. साइड ए, साइड बी. मामी पोळ्या लाटताना हा काळा रेडिओ त्या वाजवायचा.

आज कुठल्याही स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये गाण्यांचा समुद्र आहे, त्यात नानी नाही. कधी येणारही नाही. दापोली तालुक्यातल्या एका ओटीवर बसून म्हटलेली ती गाणी कुणी प्रकाशित केलेली नाहीत, बोली येणारी माणसं कमी होत आहेत, गाणारी तर जवळजवळ संपली. असा आवाज वाजतो तो फक्त घरच्या फाइलीतून, घरच्या सर्व्हरवरून. मामूंनी त्यासाठी एका जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर बसवून ठेवला होता. म्हणून सेवा बंद झाली त्या दिवशी त्यांच्या घरात काही थांबलंच नव्हतं. इंग्लंडचं घर आवरून कायमचं इकडं यायचं ठरल्यावर तो कॉम्प्युटर मात्र तिथंच राहिला, फाइली पेनड्राइव्हवर आल्या.

म्हणून मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिरियन बसवलं. पेनड्राइव्हवरच्या फाइली उतरवल्या, प्रोग्रॅमला फोल्डर दाखवला. इथपर्यंत अर्धा तास. पुढचे दोन दिवस माझ्या अडाणीपणात गेले. इंग्लंडचा चौकोनी पिनांचा प्लग आमच्या बोर्डात बसेना, त्याला जोडपिन आणली. मग डबा सुरू झाला, पण आमचं वाय-फाय त्याला दिसेचना. मी डब्याला दोष देत होतो. मामू शांतपणे चहा पीत होते. दुसऱ्या रात्री लक्षात आलं की मीच राउटर फक्त पाच गिगाहर्ट्झवर ठेवला होता, आणि डबा जुन्या २.४ गिगाहर्ट्झवरच ऐकतो. वर पासवर्डची सुरक्षाही मी सर्वांत नव्या प्रकारची निवडली होती, ती त्याला कळणारी नव्हती. राउटरवर त्याच्यासाठी जुन्या पद्धतीचं वेगळं नेटवर्क उघडलं. डब्यानं अर्ध्या मिनिटात लॅपटॉप शोधून काढला, कुणी पत्ता सांगितला नाही.

हे अमर आहे असं समजू नये. बूमचे आणि जुन्या स्क्वीझबॉक्सचे चमकते डिस्प्ले वर्षांगणिक अंधुक होतात. अ‍ॅडॅप्टर जातात, आणि ते घेताना व्होल्टेज पाहावं लागतं. जुने स्क्वीझबॉक्स आणि टच पाच व्होल्टचे, बूम आणि रेडिओ अठराचे. चुकीचा लावला तर कुठलाही खुला कोड तुमचा डबा वाचवणार नाही. लॅपटॉपही रात्रंदिवस चालू ठेवणं बरं नव्हे, म्हणून आता त्याच्या जागी एक रास्पबेरी पाय येतो आहे. फाइलींच्या तीन प्रती केल्या: एक माझ्याकडं, एक खालाकडं, एक त्या इंग्लंडातल्या नातवाकडं. त्यानं परवा निरोप धाडला की त्यानंही तिकडं सर्व्हर बसवला आहे, आणि 'साइड बी'मध्ये बारा मिनिटांनंतर बायका कशाला एवढ्या हसतात ते नानांना विचारून कळवा.

मामूंना विचारलं. ते म्हणाले, आम्हाला तिथं जाऊ कुठं देत होते! मग अम्मीला बोलावलं. तिनं डबा परत मागं न्यायला लावला, डोक्यावरचा पदर सारखा केला, ऐकलं, आणि स्वतःच हसत सुटली. अर्थ काही तिनं सांगितला नाही.